हौज खास : एका तळ्याचा जीर्णोद्धार

दिल्लीत नेमणुकीवर येणाऱ्या मराठी माणसास ह्या नगरीच्या इतिहासाची ओळख होते ती बहुधा किल्ले, कबरी आणि मिनार ह्यांच्या द्वारा. दगडाचा इतिहास डोळ्यांत भरतो; पाण्याचा इतिहास पाणी आटले की विस्मृतीत जातो. वास्तविक मेहरौली, सिरी, तुघलकाबाद ही दिल्लीची जुनी नगरे यमुनेपासून दूर, अरवलीच्या खडकाळ कण्याच्या आश्रयाने वसलेली. त्यांच्यापुढे तटबंदीइतकाच निकडीचा प्रश्न होता तो पाण्याचा. पावसाळ्याचे चार दिवसांचे पाणी अडवून ते वर्षभर पुरविल्यावाचून राजधानी टिकणे शक्य नव्हते. दक्षिण दिल्लीतील हौज खासचे तळे ह्याच गरजेतून जन्मास आले.

‘हौज’ हा शब्द आम्हां मराठी मंडळींस परका वाटण्याचे कारण नाही. आपला ‘हौद’ तो हाच. मूळ अरबी शब्द एकच. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी पुण्यात आणून ज्या हौदांत खेळविले, त्यांच्या नावांनी पुण्यातील स्थळे अद्याप ओळखली जातात. मात्र पुण्याच्या हौदांच्या मापाने दिल्लीचा हा हौज मोजता यावयाचा नाही. अल्लाउद्दीन खिलजीने (१२९६–१३१६) सिरी ह्या आपल्या नव्या राजधानीसाठी खोदविलेल्या ह्या तळ्याचा विस्तार सव्वाशे एकरांच्या आसपास होता. अरवलीवरून पूर्वेकडे धावणारे पावसाचे पाणी वाटेत अडवावयाचे, ही त्यामागील साधी योजना. त्या काळी त्याचे नाव हौज-ए-अलाई असे होते.

पुढे अर्धे शतक लोटले, आणि ह्या तळ्याची जी दशा झाली तिची हकीकत फिरोजशाह तुघलकाने (१३५१–१३८८) ‘फुतुहात-ए-फिरोजशाही’ ह्या आपल्या छोटेखानी ग्रंथात स्वतःच नमूद करून ठेविली आहे. तळे गाळाने भरून गेले होते. त्याच्या तळाशी लोक शेती करू लागले होते. इतकेच नव्हे, तर तेथेच विहिरी खणून त्यांचे पाणी ते विकत होते! मेहरौलीच्या हौज-ए-शम्सीची कथा ह्याहून निराळी नव्हती. त्यास पाणी पुरविणारे प्रवाहच काही लोकांनी बंद करून टाकले होते. टँकरची वाट पाहणाऱ्या आजच्या दिल्लीकरास ह्या साडेसहाशे वर्षांपूर्वीच्या नोंदी वाचताना हसावे की खिन्न व्हावे, हे कळेनासे होते.

फिरोजशाहाने अलाईचा गाळ उपसविला. शम्सीच्या कोंडलेल्या वाटा मोकळ्या केल्या आणि त्या अडविणारांस शासन केले. ह्या दुसऱ्या कृतीचे मोल आम्हांस अधिक वाटते. तळे म्हणजे केवळ खोदलेला खड्डा नव्हे, त्याकडे येणारी प्रत्येक वाट हे त्याचेच अंग होय, हे मर्म त्यात आहे. पुढे अलाईच्या काठी त्याने १३५२ च्या सुमारास मदरसा बांधला, आणि मृत्यूनंतर त्याच काठावर तो चिरनिद्रा घेत पहुडला.

डिसेंबर १३९८ मध्ये दिल्लीच्या सैन्याचा पराभव करून तैमूरने ह्याच तळ्याकाठी तळ दिला. बाण सोडला तर एका काठावरून दुसऱ्या काठास पोहोचू नये इतके ते विस्तीर्ण असून नगरवासीयांस वर्षभर पाणी देते, असे वर्णन त्याच्या नावावर चालत आलेल्या वृत्तांतात आहे. विशेष हे की, त्यात तळ्याचा निर्माता म्हणून नाव आले आहे ते फिरोजशाहाचे. अवघ्या शंभर वर्षांत लोक खोदणाऱ्यास विसरले आणि उपसणाऱ्यास त्याचे श्रेय देऊन मोकळे झाले. इतिहासाच्या दृष्टीने ही चूक खरी. परंतु तीत न्याय नाही असे आम्हांस म्हणवत नाही. पुढे १५०७ मध्ये सिकंदर लोदीने फिरोजशाहाची कबर दुरुस्त करविली. एकाने खोदले ते दुसऱ्याने राखले, आणि त्या दुसऱ्याची स्मृती तिसऱ्याने राखली. जीर्णोद्धाराची ही परंपरा निर्मितीपेक्षा कमी तेजस्वी खास नव्हे.

विसाव्या शतकात ही साखळी तुटली. स्वातंत्र्यानंतर दक्षिण दिल्ली झपाट्याने वाढली. वसाहती आणि रस्ते ह्यांच्याखाली पाण्याच्या जुन्या वाटा गडप झाल्या, आणि तळे कोरडे पडले. त्याभोवती उद्यान झाले, झाडे लावली गेली. नव्हते ते पाणी. चालू शतकाच्या आरंभी त्यावर उपाय योजण्यात आला. वसंतकुंज येथील केंद्रात शुद्ध केलेले सांडपाणी संजय वनाच्या मार्गाने ह्या तळ्यात सोडण्यात आले. आज तेथे पाणी दिसते, पक्षी उतरतात. पण मूळच्या विस्तारापैकी जेमतेम पंधरा एकर उरले आहेत. शिवाय सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद ही द्रव्ये शिल्लक राहतात. शेवाळास ते खतच. शेवाळ माजले, कुजले की पाण्यातील प्राणवायू सरतो आणि दुर्गंधी सुटते. ह्यावर उतारा म्हणून २०१८ मध्ये तळ्यावर वनस्पतींचे तरंगते ताफे सोडण्यात आले. त्यांची मुळे ही द्रव्ये शोषून घेतात. उपाय स्तुत्य आहे. तरीही हे उसने पाणी होय. पावसाचे हक्काचे पाणी गटारांवाटे यमुनेकडे निघून जाते, आणि तळे उसनवारीवर जगते.

सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये हिंचलाल तिवारी ह्यांच्या प्रकरणात तळी ही समाजाची सामाईक संपत्ती असल्याचे स्पष्ट केले. निर्णय मोलाचा आहे. पण त्याची अंमलबजावणी अखेर येते ती कचेरीतील मेजावर. हौज खासचेच पाहा : कबर आणि मदरसा पुरातत्त्व खात्याकडे, तळे आणि उद्यान विकास प्राधिकरणाकडे, सांडपाण्याची व्यवस्था जल बोर्डाकडे. फिरोजशाहाचा एक हुकूम ह्या सर्वांस पुरेसा होता. लोकशाहीत तसा हुकूम नाही, आणि नसावाही. त्याची जागा घेतात नकाशे, सात-आठ टिपणे आणि एका खात्याने दुसऱ्यास वेळेवर धाडलेले पत्र.

आम्हां सरकारी नोकरांच्या कामास कोणी इतिहास म्हणत नाही. परंतु एखाद्या जुन्या नकाशावरील निळी रेघ नव्या नकाशावर उतरविली गेली की नाही, एवढ्यावर एका तळ्याचे आयुष्य अवलंबून असते. रेघ पुसली गेली की वाट बुजते, आणि वाट बुजली की पुढच्या पिढीस तेथे केवळ जमीन दिसते. ती रेघ राखणे हाही जीर्णोद्धारच होय. आणि त्याला राजा असावे लागत नाही.