शंभर वर्षे अडलेली गाडी

विजेवरची दुचाकी एकविसाव्या शतकातली, असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात १८८१ साली ग्युस्ताव त्रूव्हे याने पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तीनचाकी चालवून दाखवली. १८९५ मध्ये ऑग्डेन बोल्टन याला अमेरिकेत विजेच्या सायकलीचे पेटंट मिळाले. तिची मोटर मागच्या चाकातच होती. मग गाडी अडली कुठे?

मुख्यतः वजनात. आम्ही एक हिशेब मांडतो. जालना ते छत्रपती संभाजीनगर सुमारे ६० किलोमीटर. हलक्या स्कूटरला दर किलोमीटरला साधारण ३० वॅट-तास ऊर्जा लागते, म्हणजे एकूण १८०० वॅट-तास. शिसे-आम्ल बॅटरी गास्तों प्लांते याने १८५९ मध्ये शोधली. ती आजही किलोमागे जेमतेम ३५ वॅट-तास साठवते. म्हणजे पन्नास किलोंचे ओझे! किलोभर पेट्रोलमध्ये मात्र सुमारे १२,००० वॅट-तास ऊर्जा असते.

१९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आली. तिच्या आजच्या संचात किलोमागे सुमारे १५० वॅट-तास मावतात. बारा किलोंत काम भागते. म्हणूनच १९७२ ची पेट्रोलवरची लूना २०२४ मध्ये विजेवर परत येऊ शकली.

ही बॅटरी हलकी खरी, पण उष्णता तिला सोसत नाही. तापमान वाढले की आतल्या नकोशा रासायनिक क्रिया वेग घेतात आणि साठवणक्षमता कायमची घटते. जालन्यात उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा शाळेत गाडी कडुनिंबाच्या सावलीत लावावी, घरी आल्यावर निवू द्यावी, मगच चार्जिंगला जोडावी.

वरचा हिशेब मुलांकडून त्यांच्या घर ते शाळा या अंतरासाठी करून घ्यावा.