सर्वनामे, इंग्रजीतील

नामाऐवजी योजला जाणारा शब्दवर्ग. इंग्रजी नामांची विभक्तिरूपे बहुतांशी लोप पावली, पण पुरुषवाचक सर्वनामांत ती टिकून आहेत. कर्त्याच्या जागी ‘आय, ही, शी, वुई, दे’, तर कर्माच्या जागी आणि शब्दयोगी अव्ययानंतर ‘मी, हिम, हर, अस, देम’ ही रूपे येतात; म्हणून ‘बिट्वीन यू अँड मी’ हे प्रमाण रूप होय. ‘शी कॉल्ड रवी अँड मी’ अशा वाक्यात दुसरे नाम वगळून वाचल्यास योग्य रूप ओळखता येते.

सर्वनाम आपल्या पूर्वनामाशी वचन व लिंग यांत जुळावे लागते. मराठीत निर्जीव वस्तूंनाही तिन्ही लिंगे असल्याने खुर्चीसाठी ‘शी’ वापरण्याची चूक विद्यार्थ्यांकडून होते. तेथे ‘इट’ हवे. स्वामित्वदर्शक ‘इट्स’मध्ये अपॉस्ट्रॉफी नसते, ती असल्यास अर्थ ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ असा होतो.

लिंग अज्ञात असलेल्या एका व्यक्तीसाठी ‘दे’ हा प्रयोग चौदाव्या शतकापासून आढळतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या लेखनसंहितेने 2019 मध्ये त्याला मान्यता दिली. परीक्षेत मात्र पाठ्यपुस्तकातील नियम पाळणे श्रेयस्कर.