होडी दर्यात लोटताना : आपल्या पुळणीवरील एका विद्येचा इतिहास



यंदाच्या स्मरणिकेसाठी आपल्या गाबीत समाजाच्या पूर्वेतिहासावर चार शब्द लिहावेत, अशी संपादक मंडळाने आम्हांस आज्ञा केली. इतिहास म्हटला की आपली लेखणी सिंधुदुर्गाकडे वळते आणि ते योग्यच होय. इ. स. १६६४ मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी मालवणच्या कुरटे बेटावर त्या जलदुर्गाचा पाया घातला, हे आपल्या मुलांस मुखोद्गत असते. परंतु ज्या लहानशा होडीने पिढ्यान्‌पिढ्या आपल्या चुली पेटत्या ठेविल्या, ती होडी कोरड्या वाळूवरून पाण्यापर्यंत कशी जात असे, हे लिहिण्यास कोणी प्रवृत्त होत नाही. तोच विषय आम्ही अल्पमतीने हाती घेतला आहे.

मोठ्या जहाजांची सोय निराळी. विजयदुर्गानजीक वाघोटन खाडीच्या काठी मराठ्यांच्या आरमाराची खडकात खोदलेली गोदी आजही पाहावयास मिळते. भरतीचे पाणी जहाजास आत घेई व ओहोटी त्यास कोरडे करी. उघड्या पुळणीवरील गरिबाच्या होडीस अशी गोदी कोठली? लाटांच्या माऱ्यात ती नांगरून ठेवणेही धोक्याचे. तेव्हा दर खेपेस ती वर ओढावयाची आणि दर खेपेस खाली लोटावयाची, हे तिच्या धन्याच्या कपाळी लिहिलेले. तामिळनाडूच्या किनाऱ्यावरील मच्छीमारांनी ह्या अडचणीवर निराळाच तोडगा काढला. त्यांचे ‘कट्टुमरम’ म्हणजे दोरांनी एकत्र बांधलेले ओंडके. किनाऱ्यास लागताच दोर सोडावेत आणि एकेक ओंडका खांद्यावरून वाळूत नेऊन सुकत टाकावा. आपली होडी मात्र अशी सुटी करता येत नाही. ती सबंधच हलवावी लागते.

ह्या कामी आपल्या वाडवडिलांनी जी साधने योजिली, ती सारी घरगुतीच होती. होडीच्या तळाचे मुख्य लाकूड, ज्यास पठाण म्हणतात, ते मऊ वाळूत रुतते. म्हणून पुळणीवर माडाचे अगर सुरूचे गोल ओंडके हात-दोन हातांच्या अंतराने आडवे मांडीत. त्यांवरून होडी पुढे सरके, तसतसा मागे मोकळा झालेला ओंडका उचलून पोरे धावत पुढे नेऊन ठेवीत. आम्ही स्वतः बालपणी हे काम केले असून, अंगठा ठेचल्याची खूण आजही आमच्या पायावर आहे. वाळू फारच भुसभुशीत असेल तेथे ओंडक्यांखाली फळ्या अंथरीत, म्हणजे ओंडका रुतण्याऐवजी फिरे. माणसे थोडी असली की होडीचे एक टोक उचलून अर्धवर्तुळात फिरवीत, मग दुसरे टोक फिरवीत, आणि अशी ती माणसाप्रमाणे पावले टाकीत पाण्याकडे जाई. उलांडीची होडी असेल तर उलांडी वाळूस घासू नये म्हणून दोघे जण तिचे आडवे दांडे खांद्यावर तोलून धरीत.

सर्वांत मोठा मदतनीस मात्र समुद्रच होता. अष्टमीच्या सुमारास भांगाचे पाणी फार वर चढत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते व पाणी पुळणीवर दूरवर धाव घेते. पावसाळ्यात झावळ्यांनी शाकारून ठेवलेली होडी सर्वांत उंच जागी असावयाची. नारळी पौर्णिमेस सागरपूजन होते आणि त्याच दोन-तीन दिवसांत उधाण असते. त्यामुळे होडीस वाळूवरून कमीत कमी वाट चालावी लागे. आपल्या सणात श्रद्धेबरोबर हा व्यवहारही सामावलेला आहे, हे आम्ही शाळेतील मुलांस आवर्जून सांगत असू.

तथापि ओंडके व उधाण ह्यांनी होडी आपोआप हलत नसे. हात लागत. आठ-दहा माणसे दोन्ही कडांस धरीत, एक वृद्ध हाकारा देई आणि सर्वांचा जोर एकाच क्षणी लागे. हात लावणाऱ्याच्या टोपलीत परतताना थोडी मासळी पडत असे. विधवेच्या घरची होडीही अशीच पाण्यात जाई. हे सारे आपण अभिमानाने सांगतो.

परंतु इतिहास लिहावयाचा तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आम्ही आठ-नऊ वर्षांचे असताना जाळे टाकण्याच्या जागेवरून गावात तंटा झाला आणि एका घराच्या होडीस कोणी हात लावावयाचा नाही, असे ठरले. कोणी काठी उगारली नाही की शिवी दिली नाही. सर्व जण केवळ आपापल्या पडवीत बसून राहिले. तो गृहस्थ व त्याचे दोन मुलगे पहारी लावून दिवसभर झटले. होडी चार हात सरकली आणि रुतली. उधाण ओसरून गेले. आमच्या वडिलांनी त्या दिवशी आम्हांस पुळणीवर जाऊ दिले नाही, आणि स्वतःही ते गेले नाहीत. ते कुटुंब पुढे मुंबईस गेले, आणि होडी जागच्या जागी कुजली.

आता काळ पालटला आहे. यांत्रिक नौका बंदरात अगर खाडीत राहतात; कित्येक ठिकाणी होड्या ओढण्यास ट्रॅक्टर येतो. लाकडाच्या जागी फायबर आले. ते हलके खरे, परंतु वाळूवर घासून झिजते, म्हणून त्यास चाक अधिक मानवते. आमच्या शेजारच्या एका सत्तरीच्या वृद्धाने भंगारातील दोन रुंद टायर व एक लोखंडी कणा जोडून गाडा केला आहे. अरुंद चाक वाळू कापते, म्हणून त्याने रुंद टायर निवडले व त्यांतील हवाही कमी ठेविली. कणा होडीच्या मध्याच्या जवळ घेतला, म्हणजे हातावर भार थोडाच येतो. इंजिन निराळे नेऊन मागाहून बसवितो. गाडा पाण्यात शिरला की होडी तरंगून सुटते आणि दोरीने गाडा मागे ओढून घ्यावयाचा. आम्ही त्यास विचारले, “दादा, हाक का मारीत नाही?” तो म्हणाला, “गुरुजी, हाक मारली तर येणार कोण? पोरे मुंबईस आहेत. आणि कोणी आले नाही, हे बघण्यापेक्षा गाडा बरा.”

त्या उत्तरावर आम्ही निरुत्तर झालो. गाड्यामुळे कोणाच्या मर्जीवर होडी अडून राहत नाही, हे इष्टच होय. तसा गाडा आमच्या बालपणी असता तर ते एक घर गाव सोडून गेले नसते. पण वाकलेल्या पाठीने एकट्याने होडी लोटावी, हेही आपणांस शोभत नाही.

म्हणून दोन विनंत्या करून हा लेख पुरा करितो. घरोघरच्या वृद्धांकडून ह्या साधनांची नावे, मापे व रीती विचारून मंडळाकडे लिहून पाठवाव्यात. आणि नारळी पौर्णिमेस जे बांधव मुंबईहून गावी येतात, त्यांनी नारळ अर्पण करण्यापूर्वी पुळणीवर एक फेरी मारून कोणाची होडी अद्याप शाकारलेलीच आहे ते पाहावे, आणि तिला हात लावावा. इत्यलम्.