श्रीरंगपट्टणची अखेरची घटका : ४ मे १७९९

कावेरीच्या दोन प्रवाहांमधल्या बेटावर, पश्चिम टोकाला टिपू सुलतानाचा किल्ला. ५ एप्रिल १७९९ला जनरल हॅरिसची कंपनी फौज निजामाच्या पथकांसह समोर येऊन ठेपली. मे सरता सरता कावेरी चढते. मग पात्रातून माणूस जात नाही आणि वेढा आपोआप उठतो. टिपूला लढाई जिंकायची गरज नव्हती, तेवढे दिवस तग धरायचा होता.

१६ एप्रिल. हॅरिसच्या छावणीत तांदळाची मोजदाद झाली. लढणाऱ्यांना अर्धा शिधा दिला तरी जेमतेम १८ दिवस पुरेल एवढाच साठा. वेढा घालणारेच उपासमारीच्या काठावर होते.

२२ एप्रिल. हॅरिसने अटी कळवल्या : निम्मे राज्य, दोन कोटी रुपये, चार मुलगे आणि चार सरदार ओलीस. १७९२च्या तहात टिपूने निम्मे राज्य आणि दोन मुलगे दिलेच होते. उरलेल्याचे पुन्हा निम्मे करायला तो तयार झाला नाही.

२ मे. तोफांनी वायव्येकडचा तट फोडायला घेतला होता. त्यातच एक गोळा किल्ल्यातल्या अग्निबाणांच्या कोठारावर पडला आणि प्रचंड स्फोट झाला.

३ मे, रात्र. लेफ्टनंट लॅलर अंधारात पात्रात उतरला आणि पाण्याची खोली अजमावून परतला. पात्र खडकाळ होते, तरी उतार मिळत होता. खिंडारही चढण्याजोगे झाले होते.

४ मे, पहाट. उजाडण्यापूर्वी ४,३७६ माणसे खंदकांत जाऊन बसली. सुलतानढव्याचे नेतृत्व मेजर जनरल बेअर्डकडे होते. पोलिलूरच्या लढाईत इंग्रजांचा पराभव झाल्यानंतर याच किल्ल्यात त्याने पावणेचार वर्षांच्या आसपास कैद भोगली होती. कर्नल आर्थर वेलस्ली राखीव फौजेसह मागे होता. हल्ला पहाटे करायचा नव्हता. उन्हाच्या कारात, तटावरची शिबंदी जेवायला आणि सावलीला वळली की निघायचे, असा बेत होता.

सकाळ. दिवस वाईट आहे, असे ज्योतिष्यांनी टिपूला सांगितले. त्याने तेलाच्या भांड्यात मुख पाहिले आणि ब्राह्मणांना हत्ती, म्हैस, बैल, बकरी व रोख रक्कम दान केली. मग तो उत्तर तटाजवळच्या आपल्या मुक्कामी परतला. दिवसाढवळ्या हल्ला होईल, असे त्याला वाटत नव्हते.

दुपारी १च्या आधी. खिंडाराकडे लक्ष ठेवणारा विश्वासू सरदार सय्यद गफार तोफेच्या गोळ्याने ठार झाला. टिपू जेवायला बसला असताना ही बातमी आली. ऐन या वेळी दिवाण मीर सादिकने पगार वाटण्याच्या निमित्ताने शिपाई तटावरून खाली बोलावले, असा आरोप आजही केला जातो.

१च्या सुमारास. बेअर्डने इशारा केला. फौज पात्र ओलांडून धावली आणि सहा-सात मिनिटांत खिंडारावर कंपनीचे निशाण लागले. ते रोवणारा सार्जंट ग्रॅहम तिथेच पडला.

त्यानंतर. ठरल्याप्रमाणे फौज दुभंगली. एक तुकडी दक्षिण तटावरून, दुसरी उत्तर तटावरून निघाली. वर चढल्यावर बेअर्डला कळले की आत दुसरा तट आहे आणि मध्ये पाण्याने भरलेला खंदक. डाव रुतायचा तो इथेच. पण काही शिपाई तो खंदक ओलांडून आतल्या तटावर पोहोचले. आता उत्तर तटावरच्या रक्षकांवर समोरून आणि बगलेवरून मारा सुरू झाला.

दुपार. टिपू साध्या शिपायासारखा बंदूक चालवत होता. जखमा झाल्यावर घोड्यावर बसून तो आतल्या दरवाज्याकडे वळला. तिथे पळणाऱ्यांची कोंडी झाली होती. घोडा पडला, तोही कोसळला. एका गोऱ्या शिपायाने त्याचा जडावाचा कमरपट्टा ओढला. टिपूने तलवारीचा वार केला, तेव्हा शिपायाने त्याच्या कानशिलात गोळी घातली.

संध्याकाळ. वाड्यातल्या शहजाद्यांनी शरणागती पत्करली. सुलतान मात्र सापडेना. मशालींच्या उजेडात प्रेतांचा खच उपसला गेला. जखमी सेवक राजा खानाने धन्याची जागा दाखवली.

रात्र. शहर लुटले गेले. वेलस्लीने काहींना फाशी दिल्यावरच लूट थांबली.

टिपूकडे माणसे, तोफा, दारूगोळा आणि धान्य सगळे होते. त्याच्या हातून निसटली ती वेळ. नदी भरेपर्यंत शत्रूला खिंडारापासून दूर ठेवणे एवढेच काम होते, आणि खिंडार पडल्यावरही भरदुपारी तिथला पहारा सैल राहिला. किल्ला फितुरीने गेला असे म्हणणे सोपे आहे. गाफिलीचा वाटा त्याहून मोठा होता.

या मोहिमेत पुण्याची फौज नव्हती. १७९२मध्ये हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन इंग्रजांच्या बाजूने याच किल्ल्यापुढे आले होते; १७९९मध्ये पेशवा दुसऱ्या बाजीरावाने नुसते पाहिले. ३१ डिसेंबर १८०२ला त्याने इंग्रजांशी वसईचा तह केला. २३ सप्टेंबर १८०३ला असईच्या मैदानात शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव करणारा सेनापती हाच आर्थर वेलस्ली होता.