हुप्प्याची हाक

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून कान्हेरीच्या लेण्यांकडे जाताना वानरांची टोळी दिसली, की पुष्कळांचे हात आपोआप जोडले जातात. तांबड्या तोंडाचे ते माकड व काळ्या तोंडाचे ते वानर, हा भेद मराठी मूल लहानपणीच शिकते. टोळीतील नराला तर आपल्या भाषेने त्याच्या हाकेवरूनच 'हुप्प्या' हे नाव दिले. परंतु त्या हाकेचा अर्थ काय, हे विचारावयाचे आम्हांस फार काळ सुचले नाही. ज्याला आपण पूजतो त्याला आपण निरखून पाहत नाही. आणि ज्याला भितो त्यालाही नाही.

भीतीचे उदाहरण आफ्रिकेतील गोरिलाचे. 1861 साली पॉल दु शाय्यू याचे प्रवासवर्णन लंडनास प्रसिद्ध झाले, आणि छाती बडवीत अंगावर येणारा राक्षस लोकांच्या मनात ठसला. पुढे 1959 साली जॉर्ज शॅलर हा तरुण प्राणिशास्त्रज्ञ विरुंगाच्या डोंगरांत गोरिलांच्या नजरेसमोर स्वस्थ बसून राहू लागला. तेव्हा त्याला दिसले ते रुपेरी पाठीच्या नराभोवती राहणारे एक शांत कुटुंब. चरताना ते हलक्या घुरघुरीने एकमेकांस साद देत. आणि छाती बडवून नर आपले सामर्थ्य कळवी, तेणेकरून बहुधा झुंजच टळे.

वानराच्या बाबतीत नेमके उलट घडले. त्याला आम्ही साधू मानले होते. 1956 पर्यंत मुंबई राज्यात असलेल्या धारवाडच्या परिसरात युकिमारू सुगियामा या जपानी संशोधकाने 1961 ते 1963 या काळात वानरांचे निरीक्षण केले. एकांड्या नरांचा जथा टोळीवर चालून येतो, जुन्या नायकाला हुसकून एक नर टोळी बळकावतो, आणि मागील नायकाची तान्ही पिले मारली जातात, हे त्याने नोंदविले. 1971 पासून अबूच्या पहाडावर सारा हर्डी यांनी याच प्रश्नाचा पाठपुरावा केला. पिलू गेले की मादी लवकर पुन्हा गर्भधारणेस योग्य होते, हे त्यांनी त्यामागील कारण सांगितले. आणि माद्या पिलांसाठी नराशी कशा झुंजतात, हेही दाखविले. हे विकृत वर्तन की निसर्गक्रम, यावर विद्वानांत पुढे बराच काळ वाद चालला.

यामुळे वानर आपल्या प्रेमास अपात्र ठरतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. त्याच टोळीत नवजात काळसर पिलू एका मादीच्या हातून दुसरीच्या हाती जाते, आणि आईला चरावयास उसंत मिळते. बिबट्या दिसताच वानर खोकल्यासारखा इशारा देतो, आणि खालची चितळेही सावध होतात. दूरवर जाणारा तो 'हुप्' शेजारच्या टोळ्यांस आपला ठावठिकाणा कळवितो, म्हणजे त्यांना अंतर राखता येते. गोरिलाच्या छाती बडवण्याचा हाच तर हेतू.

कान्हेरीच्या वाटेवर भाविकपणे केळी पुढे करणाऱ्यांचा हेतू निर्मळ असतो, यात शंका नाही. परंतु आयते खाऊ लागलेला वानर पाने-फळे शोधणे सोडतो, माणसाचे भय विसरतो आणि हिसकावू लागतो. मग त्यालाच लोक दगड मारतात. पुढच्या खेपेस आपण केळी घरी ठेवावी, झाडाखाली घटकाभर मुकाट्याने बसावे, आणि मुलांना ती हाक ऐकवावी. तीही एक भक्तीच होय.