पांढरीच्या टेकाडापासून रक्ताच्या थेंबापर्यंत

आम्ही प्रकाशाच्या बचत गटाच्या बाया बोलतो आहोत. प्रकाशा म्हटले की तुम्हाला दक्षिण काशी आठवते, तापी आणि गोमाईचा संगम, केदारेश्वर, पुष्पदंतेश्वर. काशी करून आले तरी प्रकाशाला पूजा केल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, असे आमच्याकडे मानतात. ते सगळे आहेच. पण आज देवळांचे नाही, गावाजवळच्या पांढरीच्या टेकाडाचे सांगायचे आहे. तिथून निघून आपल्या दारात येणाऱ्या सर्व्हेवाल्यांपर्यंत यायचे आहे.

पांढरी म्हणजे काय ते जाणत्या बायांना सांगायला नको. शेताची ती काळी, वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या माणसे एकाच जागी राहिली, चुलीची राख, पडक्या भिंतीची माती, गुरांचे शेण तिथेच साचत गेले, की जमिनीचा रंग बदलतो आणि जागा उंच होत जाते. धाब्याच्या घरावर टाकायला अशी माती आणायची, तर पाटीत खापरे यायची. ती वेचून फेकून द्यायची. खापराला कोण विचारतो?

१९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व खात्याचे बी. के. थापर इथे आले ते याच खापरांसाठी. त्यांनी टेकाडात उभा खड्डा घेतला. वस्तीचा थर निघाला सुमारे १७ मीटर, म्हणजे पाच मजली इमारतीएवढा. दर सणाला सारवलेल्या भिंतीचा पोपडा निघाला की त्यात किती वेळा सारवले ते दिसते ना, तसेच हे. सगळ्यात खालचा थर सगळ्यात जुना. सोने लोक उचलून नेतात, लाकूड कुजते, पण मडके फुटले की त्याचे खापर हजारो वर्षे जसेच्या तसे राहते. शिवाय मडक्याचा घाट, रंग, नक्षी काळाप्रमाणे बदलते. म्हणून कोणता थर कोणत्या काळाचा ते खापरावरून ओळखतात.

तळाशी निघाली ताम्रपाषाण काळातली माणसे, आजपासून सुमारे ३७०० वर्षांपूर्वीची. तांबे त्यांच्याकडे थोडेच होते. रोजचे कापणे-सोलणे दगडाच्या बारीक पात्यांनी चाले. मडकी मात्र बघत राहावी अशी, चाकावर घडवलेली, वर रंगाने काढलेली नक्षी. काही मडकी माळव्यातल्या धाटणीची, काही सौराष्ट्राकडे सापडतात तशी चकचकीत लाल, काही संगमनेरजवळच्या जोर्वे गावाच्या नावाने ओळखली जाणारी. त्यावरच्या थरांत लोखंड आले. आणि त्या काळात गंगेच्या खोऱ्यातली ती प्रसिद्ध काळी, आरशासारखी झिलई असलेली भांडीही इथे पोहोचली होती. म्हणजे काशीकडची आणि आपली ये-जा दोन हजार वर्षांहून जुनी आहे. दक्षिण काशी हे नाव कोणी कधी दिले असेल ते असो, भांडी आधी आली होती.

आमच्यातल्या एकीने बी.ए. केले. तिला मोहेंजोदडोचे स्नानगृह पाठ होते, पण घराजवळचे टेकाड माहीत नव्हते. थापरांचा अहवाल पुढे दहाएक वर्षांनी पुरातत्त्व खात्याच्या ‘एन्शंट इंडिया’मध्ये छापून आला, इंग्रजीत. अशा खोदकामात खणायला आणि पाट्या वाहायला गावचीच माणसे रोजावर घेतात. त्यांना रोज मिळतो. काय सापडले हे त्यांच्या भाषेत त्यांच्याकडे सहसा परत येत नाही. आम्हाला हे कळायला पुढची पिढी उजाडली.

उभ्या खड्ड्यातून काळ कळतो, पण घर कळत नाही. त्यासाठी आडवे, पसरट खणावे लागते. ते काम पुण्याच्या डेक्कन कॉलेजने केले, शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या इनामगावला, १९६८ ते १९८३ अशी पंधरा वर्षे. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि त्यांचे सहकारी. हे आमच्याच तळातल्या जोर्वे भांड्यांचे लोक. तिथे घरे निघाली, चुली निघाल्या, धान्याची कोठारे निघाली. जव हे त्यांचे मुख्य पीक. एका घरात कच्च्या मातीच्या डबीत ठेवलेली बिनडोक्याची बाईची मूर्ती मिळाली, सोबत मातीचा बैल.

आणि घरांच्या जमिनीखाली लहान मुले निघाली. मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यात ठेवायचे आणि राहत्या घरातच पुरायचे. हे आम्ही गटाच्या बैठकीत वाचून दाखवले तेव्हा बराच वेळ कोणी बोलले नाही. मग एक मावशी म्हणाल्या, “जवळ ठेवत असतील गं.” याहून चांगले उत्तर आम्हाला कुठल्या पुस्तकात मिळालेले नाही.

त्या हाडांचा आणि दातांचा पुढे शास्त्रज्ञांनी अभ्यास केला. मुलाचा दात घडत असताना ताप किंवा उपासमार झाली, तर दाताच्या वरच्या कवचावर खाच उमटते आणि ती पुढे भरून निघत नाही. इनामगावच्या दातांवर अशा खुणा आहेत. अंगणवाडीत दंडाला पट्टी लावून आपण आज जे बघतो, तेच तीन हजार वर्षांनी त्या दातांत वाचता आले.

जिवंत माणसांचा अभ्यासही आपल्या भागात तेव्हाच चालू होता. डेक्कन कॉलेजच्या इरावती कर्वे यांनी पश्चिम खानदेशातल्या भिल्लांचा सामाजिक आणि आर्थिक अभ्यास केला. पश्चिम खानदेश म्हणजे जुना धुळे जिल्हा. आपला नंदुरबार त्यातून १९९८ला वेगळा झाला. इरावतीबाई जर्मनीत शिकायला होत्या तेव्हा त्यांच्या प्राध्यापकांचा समज असा की गोऱ्यांची कवटीच वेगळी, श्रेष्ठ. बाईंनी कवट्या मोजल्या आणि तसे काही दिसत नाही असे लिहून दिले. गुरूसमोर आकडा ठेवून नाही म्हणणारी ही बाई आम्हाला फार आवडते.

पण अभ्यास करणारा काय विचारतो यावर सगळे आहे. बाईच्या आजाराबद्दल बाईला कोणी विचारतच नव्हते. गडचिरोलीत राणी बंग आणि अभय बंग यांनी विचारले. दोन गावांतल्या ६५० बायांची तपासणी केली, १९८९ साली निकाल जगापुढे मांडला. १०० पैकी ९२ बायांना अंगावरचे काही ना काही दुखणे होते, आणि आधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त आठ. पुढे त्यांनी गावातल्याच बायांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवले आणि बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते, बाळाचे वजन करते, तापमान बघते, ते त्या कामातून देशभर गेले. हा अभ्यास बाईकडून निघाला आणि बाईच्या ओट्यावर परत आला.

आता सिकलसेलकडे येऊ. आपल्या जिल्ह्यात भिल्ल आणि पावरा समाजात हा आजार बराच आहे. रक्तातली गोल पेशी विळ्यासारखी वाकते, मग अंग ठणकते, रक्त कमी पडते. १९५४ साली, म्हणजे प्रकाशाला कुदळ पडली त्याच सुमारास, ॲलिसन नावाच्या डॉक्टरांनी आफ्रिकेत दाखवून दिले की ज्यांच्यात याचा एकच अंश असतो, त्यांना हिवतापापासून थोडे संरक्षण मिळते. म्हणून जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे हा अंश टिकून राहिला. हा शाप नाही, बाहेरची बाधा नाही, आणि सुनेच्या माहेराहून आलेला दोषही नाही. आईबाप दोघांकडूनही हा अंश आला तरच हा आजार मुलाला होतो, आणि दोघेही वाहक असतील तर प्रत्येक बाळंतपणात त्याची शक्यता चारात एक असते. पहिले मूल आजारी निघाले म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नाही. दर वेळी पुन्हा चारात एक.

आमच्याकडे मध्यंतरी एक पथक आले होते. बोटाला टोचून रक्त घेतले, नाव-वय लिहिले, अंगठे घेतले आणि गेले. निकाल कोणाला आले नाहीत. कोण होते ते सांगण्यात अर्थ नाही, भला हेतूच असेल. पण त्याच यादीत आमच्या एका गटातली मुलगी होती आणि वर्षभरात तिचे लग्न ठरायला आले. तिला विचारूनच हे सांगतो आहोत. कागद असता तर साखरपुड्याआधी बोलता आले असते. आम्ही तिला पुन्हा सरकारी दवाखान्यात नेले. आधी साधी चाचणी, मग पक्की. तिचा निकाल काय आला ते आम्ही सांगणार नाही, तो तिचा आहे.

तेव्हापासून गटाच्या इतिवृत्तात एक पान वेगळे ठेवले आहे. कोणीही सर्व्हेला आले की आधी त्यावर लिहून घेतो : कशासाठी विचारता, निकाल कधी आणि कोणाकडे देणार, आणि आमच्यातली एखादी नाही म्हणाली तर चालेल का. खाली त्यांची सही, फोन नंबर, तारीख. गेल्या खेपेला एक तरुण मुलगा चिडला, म्हणाला, “मावशी, तुम्हीच माझा सर्व्हे करताय.” मावशींनी त्याला चहा दिला आणि पेनही दिला.

मुलाकडचे मात्र रक्त तपासायला अजून राजी नाहीत. आमच्या मुलात काय कमी आहे, असे त्याची आई विचारते. येत्या सोमवारी आमच्यातल्या दोघी तिच्याकडे जाणार आहेत. कागद नेणार नाहीत, ती वाचत नाही. चार ज्वारीचे दाणे नेतील, एक रंगवलेला.