मुंबई ते जेद्दाह: अंतर किती, विमानाला वेळ किती आणि एहराम कधी बांधायचा?

उमराहला निघणारे बरेच जण आम्हाला विचारतात, जेद्दाह किती लांब आहे आणि पोहोचायला किती तास लागतात? उत्तर सोपे आहे, पण एहरामची वेळ त्यावरच ठरते. म्हणून सगळी माहिती एकत्र देत आहोत.

अंतर आणि वेळ

मुंबई ते जेद्दाह हवाई अंतर सुमारे 3,500 किलोमीटर आहे. मदिना शरीफही जवळपास तितक्याच अंतरावर आहे. ताशी 850 किलोमीटर वेगाने हिशेब केला तर चार तासांच्या आसपास येतात. पण विमान सरळ रेषेत जात नाही, शिवाय धावपट्टीवरचा, चढण्या-उतरण्याचा वेळ धरावा लागतो. त्यामुळे थेट विमानाला जाताना साधारण पाच ते साडेपाच तास लागतात. परतताना, विशेषतः हिवाळ्यात, पश्चिमेकडचा वारा पाठीशी असल्याने थोडे लवकर पोहोचता येते. मस्कत, दुबई किंवा दोहामार्गे गेल्यास मधल्या थांब्यामुळे हाच प्रवास आठ ते बारा तासांचा, कधी त्याहून जास्तही होतो.

घड्याळाचा फरक

सौदी अरेबिया भारताच्या अडीच तास मागे आहे. समजा मुंबईहून विमान रात्री 10 वाजता सुटले आणि साडेपाच तास लागले, तर जेद्दाहला रात्रीचा 1 वाजलेला असेल. तिकिटावर दोन्ही वेळा स्थानिकच असतात. त्या वजा करून 'तीनच तासांचा प्रवास' असे समजू नका. रोजा असेल तर पश्चिमेकडे जाताना दिवस लांबतो. इफ्तार मुंबईच्या वेळेने नाही, आपण असू तिथल्या सूर्यास्ताने करायचा.

एहराम

सर्वात महत्त्वाचे हे. बहुतेक उलेमांच्या मते जेद्दाह मीकातच्या आत येते. म्हणजे विमान उतरण्याआधीच मीकात ओलांडते, साधारण अर्धा-पाऊण तास आधी. बिगर एहराम मीकात पार केली आणि परत जाऊन एहराम बांधला नाही तर दम द्यावा लागतो. म्हणून घरी किंवा मुंबई विमानतळावरच गुस्ल करून एहरामचे कपडे घालावेत. नियत आणि तलबिया मीकातच्या आधी करावी. विमानात घोषणा होते, पण झोप लागली तर ती ऐकूच येत नाही. एहरामच्या चादरी हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत गेल्या तर वाटेत हाती लागणार नाहीत. आधी मदिनेला जाणार असाल तर मुंबईहून एहरामची गरज नाही. तिथून मक्केला निघताना जुल हुलैफा इथे बांधायचा.

जेद्दाहहून पुढे

विमानतळापासून मक्का सुमारे 100 किलोमीटर. बसने दीड-दोन तास धरा. 2018 पासून हरमैन रेल्वेही आहे. इमिग्रेशनच्या रांगेचा वेळ वेगळा.

एकेकाळी मुंबईहून हाजी जहाजाने जात आणि समुद्रातच बरेच दिवस जायचे. 1995 नंतर ती जहाजे बंद झाली. आता मुंबईत इशा पढून निघालेला माणूस फज्रला हरममध्ये असू शकतो. सोय मोठी आहे, पण तयारीला मिळणारा वेळ तितकाच कमी झालाय. घरातली वडीलधारी माणसे एकटी जात असतील तर एहरामची वेळ त्यांना कागदावर लिहून द्या. मसलकप्रमाणे काही शंका असेल तर निघण्याआधी आपल्या आलिमांना जरूर विचारा.